खुडूक कोंबडीला तिचे काम करू द्यावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर दिवाळीच्या सुमारास परसातील कोंबडीपालनाबद्दल एक लेख प्रसिद्ध झाला होता. खाद्य, खुराड्याची रचना आणि लसीकरण यांविषयी त्यात दिलेली माहिती उपयुक्त होती आणि मी ते कात्रण जपून ठेवले आहे. परंतु त्याच लेखात खुडूक कोंबडी, म्हणजे अंडी देणे थांबवून ती उबवायला बसू पाहणारी कोंबडी, ही एक अडचण म्हणून मांडली होती आणि तिला थंड पाण्यात बुडवून किंवा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस कोंडून तिचा खुडूकपणा मोडावा, म्हणजे ती लवकर पुन्हा अंड्यावर येते, असा सल्ला दिला होता. अंडी विकण्यासाठी शेकडो कोंबड्या पाळणाऱ्याला हा सल्ला लागू पडत असेल. ज्यांच्या दारात आठ-दहा गावरान कोंबड्या आहेत अशा विदर्भातल्या खेड्यांमधील घरांचे मात्र त्याने नुकसानच होते, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात एका लहान गावात राहते. आमची थोडी कोरडवाहू शेती आहे, तीत कपाशी आणि तूर असते, आणि घरामागे गेली पंधरा वर्षे गावरान कोंबड्या आहेत. सुरुवातीच्या काळात मीही खुडूक कोंबडीला हौदाच्या पाण्यात बुडवत असे, कारण तसेच करायचे असते असे मी ऐकले होते. एकदा जवळच्या पोडावरील, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरील, एक वयस्क बाई आमच्याकडे आल्या असता त्यांनी ते पाहिले आणि त्या म्हणाल्या, "काहाले बुडोता बाई तिले? बसू द्या न. तिचं काम तिले ठाऊक हाये." त्यांनीच मला पहिल्यांदा रवण कसे बसवायचे, म्हणजे खुडूक कोंबडीला अंडी उबवायला कसे बसवायचे, ते दाखवले. त्या दिवसापासून मी एकाही कोंबडीला बुडवलेले नाही.

खुडूक होणे हा आजार नाही किंवा कोंबडीचा हट्टही नाही. अंड्यांचा एक डाव घालून झाला की तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते, अंडी देणे थांबते, ती घरट्यावरून उठेनाशी होते आणि जवळ गेले तर पिसे फुलवून चोच मारते. पोटाखालची पिसे गळून तेथील कातडी उघडी पडते, त्या कातडीत रक्तपुरवठा वाढतो आणि त्या उघड्या जागेची ऊब अंड्यांना थेट मिळते. उबवणी यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि ठरावीक आर्द्रता राखण्यासाठी विजेची आणि सतत लक्ष ठेवण्याची गरज असते. कोंबडी हे सर्व आपल्या अंगाने करते. ती दिवसातून अनेक वेळा अंडी चोचीने फिरवते, कडेची अंडी मध्ये घेते आणि मधली कडेला सारते, आणि एकवीस दिवसांत दररोज जेमतेम पंधरा-वीस मिनिटे दाणा-पाण्यासाठी उठते. या काळात तिचे वजन घटते, तुरा फिका पडतो, तरी ती जागा सोडत नाही. असा प्राणी घरात आयता असताना त्याला पाण्यात बुडवून जागेवर आणायचे आणि नंतर पिल्ले विकत आणायला निघायचे, हे मला आता समजण्यापलीकडचे वाटते.

पिल्ले विकत आणण्याचा अनुभवही मी घेतलेला आहे. काही वर्षांपूर्वी आषाढात मी एका उबवणी केंद्रातून एक दिवसाची पन्नास पिल्ले आणली. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करत न्यायची असते, हे मला सांगितले गेले होते. त्याप्रमाणे खोक्यात कुटार (धान्याचा भुसा) पसरून वर दोनशे वॅटचा दिवा लावला होता. चौथ्या रात्री वादळ झाले, गावाची वीज गेली आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. थंडी वाजली की आईविना वाढणारी पिल्ले एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. सकाळी एकतीस पिल्ले मेलेली होती. त्याच रात्री परसातल्या डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपल्याखाली, आमची एक राखी कोंबडी आपली नऊ पिल्ले पंखांखाली घेऊन बसली होती. तिची नऊही पिल्ले सकाळी जिवंत होती. वीज जाणे ही आमच्या भागात अपवादाची गोष्ट नाही, त्यामुळे या दोन दृश्यांतला फरक माझ्या मनातून गेलेला नाही.

आणखी एक बाब लेखात नव्हती, ती म्हणजे घरातल्या बाईचे श्रम. कार्तिकापासून पौषापर्यंत आमच्याकडे कापसाची वेचणी असते आणि सकाळी शेतात गेलेली बाई दिवस मावळताना परत येते. दिव्याखालच्या पिल्लांना तीन-चार तासांनी दाणा द्यायचा, पाणी बदलायचे, ओले झालेले कुटार काढायचे, हे काम या दिवसांत कोणी करायचे? कोंबडी हे काम दिवसभर करत असते. ती माती उकरते, किडा सापडला की चोचीत धरून खाली टाकते, पुन्हा उचलते आणि एका विशिष्ट सुरात पिल्लांना बोलावते. आकाशात घार दिसली तर तिचा आवाज वेगळा असतो आणि जमिनीवरून मुंगूस किंवा मांजर आले तर वेगळा असतो. पहिल्या आवाजाला पिल्ले जागच्या जागी दबून राहतात किंवा तिच्याखाली शिरतात. ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की, आपण बेचव म्हणून ओळखलेला दाणा पिल्ले खात आहेत असे कोंबडीला दिसले, तर ती चांगल्या दाण्याकडे बोलावण्याचा खटाटोप वाढवते. आमच्या परसात हे रोज दिसते, पण प्रयोगातूनही ते दिसून आले हे वाचून मला समाधान वाटले, कारण कोंबडीला काही कळत नाही असे म्हणणारे लोक पुष्कळ आहेत.

रवण बसवण्यात काही गोष्टी सांभाळाव्या लागतात आणि त्या न सांभाळल्यामुळेच अनेकांची अंडी वाया जातात व दोष कोंबडीला दिला जातो. म्हणून थोडे तपशिलात लिहिते. अंडी आठवड्याभरातली असावीत. त्याहून जुनी होत गेली तसे त्यांतून पिल्लू निघण्याचे प्रमाण घटत जाते. आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा असलाच पाहिजे, नाहीतर अंडी फळत नाहीत. अगदी लहान, फार मोठी, तडा गेलेली किंवा वेड्यावाकड्या आकाराची अंडी घेऊ नयेत, आणि मळलेली अंडी पाण्याने धुऊ नयेत, कारण धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर जातो आणि बारीक छिद्रांतून जंतू आत शिरतात. दीड किलोच्या आतबाहेर वजन असलेल्या गावरान कोंबडीखाली दहा ते बारा अंडी पुरेत. लोभाने सोळा-सतरा ठेवली तर कडेची अंडी पाळीपाळीने गार पडतात आणि शेवटी हाती कमीच पिल्ले येतात.

टोपल्यात तळाला राख, तिच्यावर वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि त्यावर मऊ कुटार किंवा धानाचे तणस असा थर मी करते. राखेमुळे आणि निंबामुळे उवा-पिसवांचा त्रास कमी होतो. या किड्यांनी बेजार झालेली कोंबडी मध्येच रवण सोडते, ही गोष्ट फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. टोपले शांत, अर्धवट अंधाऱ्या जागी ठेवावे, आणि कोंबडीला तेथे दिवसा न हलवता रात्री हलवावे. दिवसा हलवलेली कोंबडी जुन्या जागी परत जाते. खरी अंडी देण्याआधी एक-दोन दिवस टाकाऊ अंड्यांवर बसवून तिचा निश्चय पाहून घ्यावा. प्रत्येक अंड्यावर कोळशाने खूण करावी, कारण दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपल्यात अंडी घालून जातात. ती रोज काढली नाहीत तर एकाच टोपल्यात वेगवेगळ्या वयाची अंडी जमतात, आणि पहिली पिल्ले निघाल्यावर कोंबडी त्यांना घेऊन उठते तेव्हा उरलेली अर्धवट भरलेली अंडी तशीच गार पडतात.

सातव्या रात्री अंधारात बॅटरीच्या उजेडासमोर अंडे धरले की फळलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसतात. स्वच्छ दिसणारी अंडी काढून घ्यावीत. चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा पाहावे आणि त्यानंतर हात लावू नये. अठराव्या दिवसापासून तर टोपल्याकडे वारंवार जाणेसुद्धा टाळावे. या दिवसांत पिल्लू कवचाच्या आतून आवाज काढू लागते आणि कोंबडी त्याला हळू आवाजात उत्तर देते. पिल्लाच्या चोचीवर एक पांढरा कठीण दाणा असतो, त्याने ते कवच फोडते. पहिल्या तड्यापासून पूर्ण बाहेर येईपर्यंत बारा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो. या वेळात उतावीळपणे कवच सोलून पिल्लू बाहेर काढणारे लोक मी पाहिले आहेत आणि माझ्या हातूनही तसे दोन वेळा झाले आहे. तेव्हा आतल्या पातळ पडद्यातील रक्त अजून पिल्लाच्या अंगात ओढले गेलेले नव्हते आणि ती दोन्ही पिल्ले रक्त जाऊन मेली. निघालेल्या पिल्लाला लगेच दाणा मिळाला नाही म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. बाहेर येण्यापूर्वी ते उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन दिवस सहज निभावते. म्हणूनच उशिरा फुटणाऱ्या अंड्यांसाठी कोंबडी जागेवर थांबू शकते.

आता हंगामाविषयी. या बाबतीत पुण्या-नाशिककडच्या माहितीवर आपण अवलंबून राहू नये. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि अंड्यातील जीव इतकी उष्णता सोसू शकत नाही. शिवाय साठवणीतल्या अंड्यातही साधारण २१ अंशांच्या वरच्या तापमानात वाढ अर्धवट सुरू होते आणि मग ती बिघडते, म्हणून उन्हाळ्यात घरात चार दिवस ठेवलेले अंडेसुद्धा भरवशाचे नसते. माझ्या अनुभवात कार्तिकापासून माघापर्यंत बसवलेली रवणे सर्वांत चांगली निघतात आणि होळीनंतर बसवलेली निम्म्याने वाया जातात. चैत्रात कोंबडी खुडूक झालीच आणि तिला बसवायचेच असेल, तर माठाशेजारच्या गार जागेत जाड मातीच्या भिंतीच्या खोलीत टोपले ठेवावे, जमिनीवर पाणी शिंपडावे आणि तिच्या चोचीपाशी पाण्याचे परळ (मातीचे पसरट भांडे) ठेवावे. पावसाळ्यातील पिल्लांना ओलसर जमिनीमुळे रक्ती हगवण होते. त्या काळात बैठकीची जागा कोरडी ठेवणे आणि राख टाकत राहणे याला पर्याय नाही.

लेखकाचा मुख्य मुद्दा उत्पन्नाचा होता, त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. रवणाचे एकवीस दिवस आणि पिल्ले सांभाळण्याचे सात-आठ आठवडे धरले, तर कोंबडी सुमारे अकरा आठवडे अंडी देत नाही. गावरान कोंबडी एका डावात बारा-पंधरा अंडी घालते आणि असे तीन-चार डाव वर्षाला होतात, म्हणजे एका रवणापायी एक किंवा फार तर दोन डाव, म्हणजे जास्तीत जास्त पंचवीस-तीस अंडी बुडतात असे समजू. त्या बदल्यात दहापैकी सहा-सात पिल्ले जरी मोठी झाली, तरी पाच-सहा महिन्यांनी घरात तलंगा (अंड्यावर येऊ लागलेल्या तरुण कोंबड्या) आणि कोंबडे तयार असतात, आणि त्यांच्यासाठी वीज, खोके, दिवा यांवर एक रुपयाही लागलेला नसतो. अंडी आणि कोंबडा यांच्या बाजारातल्या किमतीतला फरक खेड्यातल्या कोणत्याही बाईला माहीत आहे. शाळेच्या वह्या आणि दवाखान्याचा खर्च आमच्याकडे कोंबडा विकून निघतो, अंडी विकून निघत नाही.

पिल्ले मरतात, हे मी लपवत नाही. मोकळ्या फिरणाऱ्या पिल्लांना घार, कावळा, शिक्रा, मुंगूस, मांजर आणि धामण या सर्वांचे भय असते, आणि पहिले पंधरा दिवस सर्वांत धोक्याचे असतात. म्हणून या काळात आई आणि पिल्ले बांबूच्या मोठ्या डालग्याखाली ठेवावीत आणि सकाळ-संध्याकाळ माणूस जवळ असताना सोडावीत. आमच्याकडील बुरूड बांधव असे डालगे सांगितल्या मापाचे विणून देतात. पाण्याच्या परळात खडे टाकावेत, म्हणजे पिल्ले बुडत नाहीत. दाणा म्हणून ज्वारीची किंवा मक्याची बारीक भरड आणि तांदळाची कणी चालते, पण नुसत्या धान्यावर पिल्लांची वाढ होत नाही. त्यांना किडे हवेत. ओले पोते आणि शेण घातलेले मडके वारुळाजवळ पालथे घातले तर एक-दोन रात्रींत त्यात वाळवी जमते. ती झटकून दिली की पिल्ले अक्षरशः धावून येतात.

घारीपेक्षाही जास्त पिल्ले मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने मरतात, आणि लहान कळपवाल्यांची खरी अडचण येथे आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकायचा असतो. परंतु ही लस साधारणतः शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांच्या कुपीत मिळते, ती थंडच ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. ज्या बाईकडे नऊ पिल्ले आहेत तिने शंभर मात्रांची कुपी कशी आणावी? त्यामुळे ती आणतच नाही आणि साथ आली की गाव रिकामे होते. आमच्या बचत गटातील सहा जणींनी मागील दोन वर्षांपासून यावर एक उपाय केला आहे. आम्ही आपापल्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवतो. जिची कोंबडी आधी खुडूक होते ती तिला टाकाऊ अंड्यांवर चार-पाच दिवस थोपवून धरते. मग सर्वांची पिल्ले एकाच सुमारास निघतात, एक जण बर्फाच्या डब्यातून कुपी आणते आणि तासाभरात साठ-सत्तर पिल्लांना थेंब पडतात. याचा आणखी एक लाभ असा झाला की, एखाद्या कोंबडीची तीन-चारच पिल्ले निघाली तर ती रात्रीच्या अंधारात दुसरीच्या पंखाखाली सरकवता येतात. पिल्ले एक-दोन दिवसांची असेपर्यंत कोंबडी त्यांना आपली मानते, त्यानंतर मात्र परकी म्हणून टोचते. मोकळी झालेली कोंबडी लवकर अंड्यावर येते, म्हणजे लेखकाला हवे तेही यातून साधते.

जातींविषयी एक काळजी नमूद करते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती परसासाठी चांगल्या आहेत आणि त्यांची अंडीही जास्त असतात. पण अधिक अंड्यांसाठी निवड करत गेले की खुडूक होण्याचा गुण मागे पडतो, आणि या सुधारित कोंबड्या सहसा रवण बसत नाहीत. कडकनाथही स्वतः फारसा नीट बसत नाही, त्याची अंडी लोक गावरान कोंबडीखालीच ठेवतात. गावातील सर्व कोंबडे आणि कोंबड्या बदलून टाकल्या, तर काही वर्षांनी या सुधारित जातींची अंडी उबवायलाही गावात आई उरणार नाही आणि दर वेळी पिल्ले विकत आणावी लागतील. म्हणून प्रत्येक घराने निदान दोन-तीन चांगल्या बसणाऱ्या गावरान माद्या राखाव्यात, आणि ज्या कोंबडीने पिल्ले नीट वाढवली तिच्याच मुली पुढे ठेवाव्यात, असे मला वाटते.

पशुसंवर्धन विभागाला आपल्या माध्यमातून माझी दोन गोष्टींची विनंती आहे. परसातील कोंबडीपालनासाठी एक दिवसाच्या पिल्लांचे वाटप होते, त्यासोबत ज्यांच्याकडे खुडूक कोंबड्या आहेत त्यांना थंडीच्या दिवसांत चांगल्या जातीची फळलेली अंडी मिळण्याची सोय व्हावी. आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांनी कार्तिक ते माघ या काळात महिन्यातील एक ठरलेला दिवस गावनिहाय लासोटासाठी जाहीर करावा, म्हणजे बायका त्या दिवसाच्या हिशेबाने सव्वीस-सत्तावीस दिवस आधी रवणे बसवू शकतील. आपण आपल्या शेतीविषयक पानावर ही तारीख प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला छापली, तर आमच्यासारख्या गावांची मोठी सोय होईल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ